आबांची 'काम चालू आहे'ची पाटी

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींतला नाही. आमच्या घरी धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा सगळ्यांना पाठ. भूतबित काढलं की आबा, म्हणजे माझे वडील, कानच धरायचे. तरी जे झालं ते झालं… हसायचं तर हसा.

१९९७चा मे महिना, गाव कळंब, तालुका इंदापूर. आई आधीच गेलेली, आणि आबा गेल्यावरचं पुण्यानुमोदन होऊन आठवडा झाला होता. पाहुणे पांगले, बहीण बारामतीला सासरी गेली. तीन खोल्यांत मी एकटा. सवयीनं दोन कप चहा टाकायचो आणि मग स्वतःवरच चिडायचो.

सोबत पुण्यातल्या कंपनीचा कॉम्प्युटर आणला होता. हार्ड डिस्कवर काहीही लिहिलं गेलं की त्याची नोंद ठेवणारा ड्रायव्हर, म्हणजे एक प्रोग्राम, मी तयार करत होतो. गोची अशी, की ती नोंदही डिस्कवरच लिहायची! मग त्या लिहिण्याची नोंद, त्या नोंदीची नोंद… शेवटी मशीन गपगार. म्हणून मी प्रोग्राममध्ये 'नोंद चालू आहे' अशी खूण ठेवली. खूण दिसली की नोंद न करता पुढं जायचं. तरी मेलं अडकतच होतं. साहेबांनी बजावलेलं, "सोमवारी चाललं नाही तर दुसरी नोकरी बघ." आणि हा शनिवार!

दुपारी वैतागून मशीन बंद केलं. दाराला आतून कडी होतीच. मोरीत जाऊन डोक्यावर दोन तांबे पाणी ओतून आलो. बघतो तर — कॉम्प्युटर जोडलेल्या भिंतीवरच्या स्विचवर आबांची पाटी! पत्र्याची, सुतळीनं अडकवलेली, 'काम चालू आहे' लिहिलेली. आबा कारखान्यात इलेक्ट्रिशियन. मशीनमध्ये हात घालण्याआधी ती स्विचला लावायचे, कुणी चालू करू नये म्हणून. आठवड्यापूर्वी मी स्वतः ती ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं होतं. किल्ली माझ्या पाकिटात.

माझी पार तंतरली. कडी काढून समोरच्या तात्यांना हाक मारली. आबांबरोबर कारखान्यात जन्म काढलेला माणूस.

"तात्या, ही तुम्ही लावली का?"

"म्या कशाला? दार तर तू आत्ता उघाडलंस." ते पाटीकडं बघतच राहिले. मी ती काढायला गेलो तसा त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे! ज्यानं लावली त्यानंच काढायची. मागं दुसऱ्यानं काढली, म्हणून तर आबाची दोन बोटं गेली. इसरलास व्हय?"

मी हात मागं घेतला. अरे, माझ्या प्रोग्राममध्ये हेच होत होतं की! पहिल्या नोंदीच्या फेरीनं लावलेली खूण तिच्या पोटातली दुसरी फेरी जाता जाता पुसून टाकत होती, आणि पुन्हा सगळं चक्र सुरू…

स्वयंपाकघरातल्या प्लगवर मशीन जोडलं, चार ओळी बदलल्या. संध्याकाळपर्यंत एकदाही अडकलं नाही. "आबा, चाललं!" मी मोठ्यानं ओरडलो. घरात कुणीच नव्हतं. सगळ्यांसमोर आलं नव्हतं ते रडू तेव्हा आलं, आणि आवरेना.

ट्रंकेचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत पाटी नव्हती.

नोकरी टिकली. कारणं खूप शोधली… विसरलो असेन, झोपेत मीच लावली असेन. एकही पटत नाही. आता घर भाड्यानं द्यायचंय. परवा वायरमन आला आणि म्हणाला, "साहेब, ही पाटी काढू का?"

मी नको म्हटलं. काढायची तर आबांनीच यावं. मी वाट बघतोय.