साहेबांचा लेख आणि माझं हळदकुंकू

निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज उर्दूत चालायचं, त्यामुळे इंग्रजी टाइप करणारा माणूस आमच्या दवाखान्यात मी एकटाच होतो. माझं इंग्रजी सगळं बोटांत होतं, डोक्यात फारसं चढलेलं नव्हतं. आमच्या डॉक्टरसाहेबांनी मात्र त्या बोटांवर एवढा भरवसा टाकला की आपला पहिला शोधनिबंध त्यांनी माझ्याकडूनच टाइप करून घेतला.

दिवसभर रोग्यांचं बघून संध्याकाळी साहेब लिहायला बसायचे. तंबाखू-चुन्याचा बार ज्या गालात भरतात, बराबर त्याच गालात कॅन्सरची गाठ धरते, हे त्यांनी खेडोपाडीची तोंडं तपासून ताडलं होतं. एक वाक्य पटेपर्यंत ते मला तोच कागद पुन्हा पुन्हा चढवायला लावत. मी वैतागायचो, ते कधी वैतागले नाहीत.

कलकत्त्याच्या एका मासिकानं लेख छापला आणि तेवढ्याच लेखाच्या सुट्या प्रती गठ्ठा बांधून पाठवल्या. साहेब तेव्हा दौऱ्यावर होते. आपल्या माणसाचं एवढं छापून आलं, तर त्याचं काय करायचं हे मला कुणी सांगायला नको होतं. प्रत्येक प्रतीच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, पहिली प्रत पिंपळगावच्या रेणुकाईपुढं ठेवली, आणि बाकीच्या लग्नपत्रिकेसारख्या घरोघर दिल्या. ज्यांची तोंडं तपासली होती त्यांना आधी.

साहेब परतले आणि म्हणाले, “मुन्शी, त्या प्रती काढा. मुंबई, मद्रास, विलायतेला पाठवायच्यात.”

“वाटल्या की, साहेब.”

“कुणाला?”

मी सांगत गेलो आणि ते हळूहळू खुर्चीत बसत गेले. रागावले नाहीत. म्हणाले, “या आडगावातला लेख आपण होऊन कोण शोधत येणार? हातात पडला तरच वाचतील. न्हाई तर छापला काय अन् न छापला काय, सारखंच.”

दुसऱ्या दिवशी मी दिलेल्या पत्रिका परत मागत फिरलो. केदारखेड्यात एका म्हातारीनं विचारलं, “लगन मोडलं का काय?” देवीपुढची प्रत मागायची हिंमत झाली नाही. बाकीच्या मिळाल्या, अडला तो एक धनगर. साहेबांनी त्याच्या गालातली गाठ कापून त्याला वाचवलं होतं आणि लेखातला फोटो त्याच्याच गालाचा होता.

“न्हाई देत,” तो म्हणाला. “माझा गाल हाय त्यात. काय लिवलंय ते वाचा आधी.”

मी अडखळत, मराठीत सांगत सांगत वाचलं. स्वतः टाइप केलेलं मला तिथंच पहिल्यांदा नीट समजलं.

“नाव न्हाई घातलं माझं?”

“रोग्याचं नाव घालत नसतात.”

“मंग ह्यो गाल कुनाचा, हे विलायतेला कसं कळनार?”

 त्यानं फोटोवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, “ह्याच्याबिगर साहेबाचं काम अडून राह्यलंय का?”

“अडलंय.”

त्यानं प्रत धोतरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. “घेऊन जावा. तुमच्यासाठी न्हाई देत, मुन्शीजी. साहेबासाठी देतोय.”

दवाखान्यात येऊन मी हळद साबणानं पुसायला घेतली, तर ती लालभडक झाली. साहेब म्हणाले, “राहू द्या आता. आहे तेवढा लेख तरी वाचता येऊ द्या.” प्रती तशाच टपालात पडल्या.

पुढं बरेच महिने कुठूनच काही आलं नाही. साहेब रोज डाक बघायचे आणि वॉर्डात जायचे. मग एकदा विलायतेचं एक मासिक आलं. त्यात कुणा मोठ्या डॉक्टरानं आमच्या लेखाचा उल्लेख केला होता. वाचता वाचता साहेब हसायला लागले.

“चांगलं म्हटलंय का, साहेब?”

“बिलकुल न्हाई. म्हणतो, एवढ्या थोड्या रोग्यांवरून हे पटत नाही.”

“मंग हसताय काय?”

“पटलं नाही म्हणायला आधी वाचावं लागतं, मुन्शी. आता त्याला आणखी तोंडं दाखवू. उद्या घनसावंगीकडं निघायचं.”

पुढच्या काळात त्यांचे आणखी लेख आले, आणि त्यांच्या लेखांचा दाखला देणारेही दूरदूरचे निघाले. मला आठवते ती घनसावंगीची बैलगाडी. गाव मागं पडायच्या आतच साहेबांनी पिशवीतून बॅटरी काढली आणि मला तोंड उघडायला सांगितलं. मी घाईनं रस्त्यावर थुंकलो. तो अख्खा लेख मी गालात बार धरूनच टाइप केला होता. साहेबांनी दोन्ही गाल सावकाश पाहिले, गाठबीठ काही नाही म्हणाले, आणि गाडीवानाकडं वळून त्यालाही आ करायला सांगितलं.