चार चाकं टेकली पाहिजेत

बनकर सरांची पहिली ओळख मला भांडणातून झाली. भांडत होते माझे मालक.

आम्ही नवरा-बायको बजाजनगरात राहायचो. मालक वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दिवसभर इतरांनी केलेले पार्ट मापायचे आणि केसभर चुकलं तरी परत पाठवायचे. घरी आले की किटमधले प्लास्टिकचे सुटे भाग जोडून जुन्या जमान्यातल्या मोटारी करायचे, तळहातावर मावतील एवढ्या. शहरात अशा मोटारींचं दरवर्षी प्रदर्शन भरतं. परीक्षक बनकर सर. त्या वेळी त्यांनी पाकिटातून पतंगाच्या कागदाची पट्टी काढली आणि मालकांच्या गाडीच्या एकेका चाकाखाली सरकवून पाहिली. चौथ्या चाकाखालून ती आरपार गेली.

"रंग झकास आहे. पण चाक टेकत नाही. पाच मार्क गेले."

"सर, ही काय कन्नडच्या घाटातून न्यायची हाय का?"

"नेऊ नका. पण उभी तर राहू द्या तिला!"

मालक घरी येईपर्यंत तणतणत होते. पुढच्या रविवारी मात्र चाकांचा आस सरळ बसवायला शिकायचं म्हणून सरांच्याच दारात उभे राहिले. सर आयटीआयमधून निवृत्त झालेले. त्यांनी चहा दिला आणि आधी जुना आस उपटायला लावला.

पुढं मालकांना किडनीचा आजार जडला. सर दर गुरुवारी यायचे. आजाराचं विचारत नसत, गाडीचं विचारत. मालक आकाशी रंगाची, उघड्या टपाची एक गाडी जोडत होते. त्यांचा हात कापायचा. एकदा मी म्हटलं, "सर, तेवढं चाक तुम्हीच चिकटवा की."

"मग गाडी माझी होईल, वहिनी," सर म्हणाले आणि नुसता सांगाडा धरून बसले.

गाडी पूर्ण झाली आणि महिन्याभरात मालक गेले.

त्या वर्षी ती गाडी मीच प्रदर्शनात नेली. निघण्याआधी कागद सरकवून पाहिला. मागचं डावं चाक टेकत नव्हतं. मी चिकटपट्टीची बारीक घडी करून चाकाखाली लावली. सरांनी ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही, म्हणून मीच इथं लिहिते.

हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, "सर, यंदा पट्टी राहू द्या. माणूस गेलाय."

सरांनी पट्टी काढलीच. पहिलं चाक, दुसरं, तिसरं. चौथ्या चाकापाशीही कागद अडला. मागं कुणी टाळी वाजवली. सर वाकले, चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहत राहिले. मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "वहिनी, चाकाखाली काहीतरी आहे. काढू?"

'नको' अगदी ओठांवर आलं होतं. मालकांच्या नावाची ढाल घरी आली असती. पण ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे पार्ट परत पाठवले, त्याचं काम मी लबाडीनं पास करत होते.

"काढा," मी म्हटलं.

सरांनी चिमट्यानं घडी काढून खिशात टाकली. लोकांना वाटलं, कचरा असेल. पट्टी पुन्हा सरकवली. आरपार.

"पाच मार्क गेले," सर मोठ्यानं म्हणाले. "डॅशबोर्डचं हातानं केलेलं रंगकाम मात्र यंदा यांच्याइतकं कुणाचं नाही."

"लई कडक बुवा तुम्ही! गेलेल्या माणसाचे तरी मार्क सोडा!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"माणूस गेला. काम समोर आहे, ते बघतोय."

ढाल दुसऱ्याला मिळाली. मी घरी येऊन पोटभर रडले, पण राग नव्हता. तोवर सगळे माझ्या मालकांना 'बिचारे' म्हणत होते. सरांनी त्यांना कारागीरच राहू दिलं.

आज सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. आमच्या कपाटात मालकांच्या अजून नऊ गाड्या आहेत, कधीच कुणाला न दाखवलेल्या. मी दर वर्षी एकच आणणार आहे आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घेणार नाही. तेव्हा सरांनी गुडघे सांभाळावेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढं ढकलू नये, आणि निदान नऊ वर्षं तरी असंच वाकून बघावं. त्यापुढचं तेव्हा बघू.