शिवेवरचा नारळ

मंडळी, मुलाचं लग्न लावून आत्ताच सक्करदऱ्याला घरी पोचलो. नवी सून आत चहा पितेय, तोवर हे लिहून टाकते.

तिचं गाव कळमेश्वरच्या पुढे. तिथली रीत अशी की मुलीचा बाप शिवेवरच्या मारुतीपुढे नारळ फोडतो आणि मगच नवरीची गाडी पुढे जाते. पाठवणीच्या रडारडीत व्याही दिसलेच नाहीत. आम्हाला वाटलं, कुठे कोपऱ्यात रडत असतील.

गाडी महामार्गाला लागली. हा रस्ता मुळात बैलगाडीची वाट. पुढे डांबरी झाला, तरी मारुतीला वळसा घालूनच जायचा. रुंदीकरणात तो सरळ केला आणि मारुती जुन्या वळणावर एकटा राहिला. आम्हाला ही रीत तेव्हा ठाऊक नव्हती, आम्ही आपले सुसाट पुढे निघालो.

तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "आई, गाडी वापस घ्या न. बाबा जुन्या रोडवर उभे असतीन."

दुभाजकात वळायला जागा लवकर सापडेना. लांबून फिरून आलो. गवत माजलेल्या त्या वळणावर व्याही हातात नारळ धरून उभे होते.

"बाबा, गाड्या तर तिकडून गेल्या. तू काहून थांबला गा?"

"तुले मालूम होतं न, मी इथंच राहीन म्हणून," एवढंच बोलले आणि नारळ फोडायला खाली वाकले, ते बराच वेळ वर उठलेच नाहीत.

मुलाला बजावलंय, सासुरवाडीला जाताना गाडी त्याच वळणावरून न्यायची. तुमच्या गावचं असं मागे राहिलेलं वळण कोणतं, आणि तिथे तुमची वाट कोण पाहायचं?