जास्तीची काडतुसं

"ठेवा जवळ. लागलंच त?"

एवढं बोलून काकू शर्टाच्या खिशातून दोन काडतुसं काढायच्या, समोरच्याच्या तळहातावर ठेवायच्या आणि त्याची मूठ स्वतःच मिटवून टाकायच्या. समोरचा कधी नको म्हणायचा नाही. नको म्हणणारा माणूस आमच्या क्लबात मी अजून पाहिलेला नाही. ती मिटणारी मूठ आठवली की आजही माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी कोणाविषयी चांगलं बोललो नाही तर तुम्ही मनाला लावून घेणार नाही.

हिंगणघाटात माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे आणि रविवारी मी नेमबाजीच्या क्लबात पंच असतो. गावाबाहेर एक बंद पडलेली गिट्टीची खदान आहे, तिथे आमची रेंज. टीव्हीवर दिसते तशी एका जागी उभं राहून श्वास रोखायची नेमबाजी आमच्याकडे होत नाही. आमच्याकडे पळावं लागतं. फळकुटांच्या आडोशातून, वाकून, वळून, बंदूक भरत भरत लोखंडी पाट्या पाडत जायचं आणि तोवर पंचाच्या हातातलं घड्याळ चालू असतं. सगळ्या पाट्या पाडून जो लवकर सुटला तो जिंकला. उभी राहिलेली पाटी म्हणजे दंड, आणि दंड असा जबर की वर येणं कठीणच.

आता किती काडतुसं आणायची? फळ्यावर मी लिहितो, 'पाट्या सोळा'. सोळा पाट्यांना सोळा काडतुसं, हा हिशोब घरी बसून करायचा. रेंजवर नेम चुकतो. पाटी नुसती हलते आणि उभीच राहते. ओल लागलेलं काडतूस फुसकं निघतं. आणि मुख्य म्हणजे रेंजचं सामान बिघडलं तर पंच फेरी रद्द करतो आणि सगळं पहिल्यापासून मारावं लागतं. म्हणून दरवेळी मी घसा कोरडा करून सांगायचो, दुप्पट आणा. उरलेली परत न्यायला कोणाचे हात मोडत नाहीत. आणि आमची मंडळी काय आणायची? सोळा. परवान्यावर काडतुसं बेतानंच मिळतात, म्हणून ज्याला त्याला ती घरच्या कपाटात जपून ठेवायची असतात. "अहो, कमी पडली तर?" म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"काकू आहेत ना!"

काकू समुद्रपूरकडच्या. घरची भाजीची वाडी, वांगी, भेंडी, चवळी, सगळं बाजारात जाणारं. पिकात रानडुकरं शिरतात म्हणून सासऱ्यांच्या नावावर बंदुकीचा परवाना होता. सासरे थकले, नवरा हिंगणघाटच्या गिरणीत पाळीवर, दीर त्या वेळी नागपुरात नोकरीला. डुकरांना यातलं काही कळत नाही. शेवटी परवाना काकूंच्या नावावर करायचं ठरलं आणि त्यासाठी बंदूक हाताळता येते असं प्रमाणपत्र घ्यायला त्या आमच्या रेंजवर आल्या. एसटीनं आल्या, बंदूक गवसणीत. लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. कंडक्टरनं तिकिटाचे पैसे घाबरत घाबरतच घेतले म्हणे.

मी पाच पाट्या लावून दिल्या. पाचही पडल्या. काकूंनी वळून विचारलं, "झालं? का अजून हायेत?"

तेव्हापासून त्या दर स्पर्धेला येऊ लागल्या. दुनळी बंदूक, म्हणजे दोन बार झाले की मोडायची, भरायची, मिटवायची. पण डाव्या हाताच्या बोटांत चार काडतुसं धरून त्या अशा भरायच्या की महागड्या बंदुकवाल्यांनी बघत राहावं. पळताना मात्र त्या पळायच्या नाहीत. वाफ्यातून चालावं तशा भरभर चालायच्या. मी ओरडायचो, "काकू, पळा!" त्यांचं उत्तर यायचं, "पयलो अन् चुकलो त?"

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा काडतुसं भाजीच्या पिशवीत होती, वांग्यांच्या खाली. मी जो भडकलो! "हा दारूगोळा आहे, भरताचं सामान नाही," म्हणालो. काकू शांतपणे वांगी बाजूला करत राहिल्या. दुसऱ्या खेपेला शिवून घेतलेली स्वतंत्र पिशवी आली, आणि माझ्यासाठी वेगळी वांगी आली. असल्या माणसावर नीट रागावताही येत नाही, हा आणखी एक वैताग.

तर ही वाटावाटी. त्यांच्या शिवाराची ती रीतच होती. कोणाच्या वाडीत कळप शिरला आणि त्याची काडतुसं संपली तर बांधावरून हाक यायची आणि शेजारी द्यायचा. परत मिळाली तर मिळाली. कायद्यात हे बसत नाही, असं मी त्यांना बजावलं. रेंजच्या आत पंचादेखत दिलेलं चालतं, बाहेर नाही. त्या म्हणाल्या, "त्याच्या वाडीतून निंगालेलं डुक्कर मंग कोनाच्या वाडीत येते? माह्याच ना? मंग त्याले देलं ते मलेच देलं."

"काकू, इथे डुकरं नाहीत. इथे तो जिंकला तर तुम्ही हरता."

त्यांनी जरा विचार केला. "थे बी खरं हाय," म्हणाल्या. आणि पंधरा मिनिटांत त्याच माणसाची मूठ मिटवताना मला दिसल्या.

बोला आता. काय करायचं अशा बाईचं?

त्या वर्षीच्या निवड स्पर्धेची गोष्ट वेगळी होती. दीर नागपूरची नोकरी सोडून घरी परतला होता आणि आल्या आल्या त्याला बंदूक हवी झाली. बाईमाणसाच्या नावावर बंदूक, लोक हसतात म्हणे. इतकी वर्षं ती बाई मचाणावर एकटी बसायची तेव्हा हसायला कोणी फिरकलं नव्हतं. नवरा म्हणाला, तुमचं तुम्ही पाहा. असे नवरे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचा मला दिरांपेक्षा जास्त राग येतो. शेवटी सासऱ्यांनी तोड काढली. सून राज्याच्या संघात निवडली गेली तर ती खेळाडू झाली; मग बंदूक तिची, कोणी बोलायचं नाही. नाही निवडली गेली तर परवाना दिराच्या नावावर.

काकूंनी मला हे स्वतः सांगितलं. वर म्हणाल्या, "बंदूक गेली त मी कायच्या भरोशावर बसू वाडीत? माह्याच हातची हाय थे." त्यांच्या आवाजात काकुळत आलेली मी ऐकली ती तेवढ्या एकदाच. मी म्हटलं, "जागा एकच आहे, पण तुमच्या तोडीचा इथे कोण आहे? फक्त एक करा. त्या दिवशी कोणाला एकसुद्धा काडतूस देऊ नका."

"नाई देत," म्हणाल्या.

स्पर्धेच्या दिवशी दीर सोबत आला होता. रेंजबाहेरच्या बाभळीखाली मोटारसायकलवर बसून तो सगळं बघत होता. काकूंची पिशवी भरलेली होती, दुप्पटीहून जास्त. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्यांचा नंबर शेवटचा निघाला.

त्यांच्या तोडीचा म्हणावा असा एक रस्त्यांचा कंत्राटदार होता. काळा चष्मा, परदेशी बंदूक, कमरेला काडतुसांचा चामडी पट्टा. एवढा थाट, आणि पट्ट्यात काडतुसं फळ्यावर लिहिली तेवढी! त्याची फेरी चालू असताना वाऱ्यानं एक फळकूट आडवं झालं. मी फेरी रद्द केली. नियमच आहे तो. त्याला परत मारायचं होतं आणि पट्टा जवळजवळ रिकामा. तो सरळ काकूंकडे गेला. मी घड्याळ हातात घेऊन तिथूनच ओरडलो, "काकू, नाही!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "फेरी त्याची चूक नसताना गेली ना," म्हणाल्या आणि पिशवीत हात घातला. त्याच्याआधीही कोणाकोणाला दोन, कोणाला चार गेलीच होती, मला चोरून. कंत्राटदारानं त्या काडतुसांवर जन्मातली सगळ्यात चांगली फेरी मारली.

मग काकू उठल्या. अशी फेरी मी पुन्हा पाहिलेली नाही. एक बार, एक पाटी. मधल्या आडोशापाशी त्या वाकल्या आणि दहाव्या पाटीला बार लागला. छर्रे लोखंडावर आदळल्याचा आवाज खदानीत सगळ्यांनी ऐकला. पाटी हलली नाही. दुसरा बार. तिसरा. पाटी तशीच. मी शिट्टी फुंकली. जाऊन पाहिलं तर गिट्टीची एक कपरी उडून बिजागरीत गच्च बसली होती. फेरी रद्द, पहिल्यापासून परत.

काकूंनी पिशवी उलटी केली. सहा काडतुसं निघाली.

"द्या रे कोणी," मी म्हणालो. आणि मग खेळाडूंच्या मंडपात जे झालं त्याची मला अजून चीड येते. कोणाकडे नव्हतीच! कोणी लपवत नव्हतं, कोणाचं मन खोटं नव्हतं. खिसे उलटे होत होते, पट्टे चाचपले जात होते, डिक्क्या उघडल्या जात होत्या. ज्यांनी ज्यांनी त्या बाईच्या पिशवीवर इतकी वर्षं खेळ केला, त्यांच्यातल्या एकाच्याही घरून जास्तीचं काडतूस निघालं नव्हतं. का निघेल? काकू होत्या ना! सगळ्यांचं झाडून पुसून आठ जमली. सहा आणि आठ चौदा. पाट्या सोळा. रविवार, काडतुसांचं दुकान बंद, आणि निवड समितीचे पाहुणे गाडी काढायला सांगत होते. उद्यावर टाका म्हणून मी त्यांच्याशी हातघाईवर यायचा राहिलो. ते म्हणाले, काडतुसं आणणं ही खेळाडूची जबाबदारी. माझंच वाक्य. फळ्याशेजारी मीच रंगवून लावलेलं.

"द्या, हायेत तेवढे," काकू म्हणाल्या.

चौदा बार, चौदा पाट्या. एकही वाया नाही. या खेपेला त्या पळाल्यासुद्धा. लुगड्याचा ओचा एका हातानं सावरत, डोक्यावरचा रुमाल सुटलेला, त्या खरोखर पळाल्या. शेवटच्या दोन पाट्यांपुढे येऊन थांबल्या. बंदूक मोडली आणि नियमाप्रमाणे रिकाम्या नळ्या मला दाखवल्या. त्या दोन पाट्या इतक्या जवळ होत्या की एखाद्यानं दगड मारून पाडाव्यात. घड्याळ थांबवायला माझा अंगठा वळेना.

दंड धरून त्या दुसऱ्या आल्या.

मंडपात परतल्यावर सगळे भोवती जमले. वाईट झालं, नशीब, पुढच्या वर्षी नक्की. कंत्राटदार खराच कासावीस झाला होता. "काकू, मी परत करतो तुमची सगळी, पुढच्या रविवारी." काकू रुमाल बांधत होत्या. गाठ मारून झाल्यावर त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"एकानं त दोन जास्त आनाचे होते," म्हणाल्या.

बस. मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं, शिव्या द्याव्यात, फळा लाथेनं पाडावा. मी स्वतः नंतर तासभर ओरडलो. लोकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि त्याचा कोणालाही काडीचा उपयोग झाला नाही. काकू तोवर दिराच्या मोटारसायकलवर मागे बसून निघून गेल्या होत्या. गवसणी पुढे टाकीवर होती, दिराच्या ताब्यात.

पुढच्या रविवारी कंत्राटदार खरोखरच नवा कोरा खोका घेऊन आला. काकू आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. हल्ली आमच्याकडे सगळे दुप्पट काडतुसं आणतात, तिप्पटसुद्धा. पिशव्या उचलताना कण्हतात. मला बघवत नाही.

पावसाळा सरल्यावर दीर रेंजवर आला, प्रमाणपत्रासाठी. बंदूक तीच. मी पाच पाट्या लावल्या. त्याच्या चार पडल्या. नियमाला तीन पुरतात. तो प्रत्येक बाराआधी बंदूक खांद्यावर इकडे तिकडे सरकवत होता आणि चरफडत होता.

"वहिनी कशा आहेत?" मी विचारलं.

"बऱ्या हाय. डुकरं लय माजले यंदा. वयनी मचानावरून हाका मारून राह्यते मले, पन मी उठून जातपर्यंत कळप निंगून जाते."

"मग त्यांनाच का नाही देत बंदूक?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वेडंवाकडं बोललो होतो. मग बंदूक फिरवून तिचा मागचा लाकडी दस्ता मला दाखवला. दस्ता टोकाशी चांगला चार बोटं कापलेला होता आणि कापलेली कड हात फिरून फिरून गुळगुळीत झाली होती.

"हे पाहा ना, वयनीनं सुताराकून आपल्या मापाचा कापून घेतलता. मले आखूड पडते. नवा बसवाले टाकतो."

"आणि हा?"

"हा कायच्या कामाचा? चुलीत जाईन." त्यानं दस्त्यावर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. "सागवान हाय. मस्त पेटते."

नाही म्हणायला माझ्याकडे एकही नियम नव्हता. मी सही केली.