झाकण घट्ट लावणाऱ्या बाई

बाईंबद्दल आजोबांना तसं काहीच ठाऊक नव्हतं. घर कुठे, घरी कोण, कधी विचारायचा धीर झाला नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्या लहान मुलांना बोलायला शिकवायच्या आणि हसताना तोंडावर हात धरायच्या, एवढीच काय ती माहिती.

नात तीन वर्षांची व्हायची होती. हाकेला वळायची नाही. काही हवं असलं की आजोबांचं मनगट धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवायची. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला तेव्हा आजोबा सुनेवर उखडले होते. बाईंनाही त्यांनी तेच ऐकवलं, "हिचा बापही उशिराच बोलला."

"बोलला असेल. पण बोट दाखवायचा ना? हाक मारली की बघायचा?"

आजोबांनी मान डोलावली.

"मग थांबायला नको. आत्ता सुरुवात केली तर तिला सोपं जाईल."

बाई सतरंजीवर बसून साबणाचे फुगे उडवायच्या. नात रंगात आली की बाटलीचं झाकण घट्ट लावून तिच्यापुढे ठेवायच्या आणि गप्प राहायच्या. नात आजोबांचं मनगट ओढायची, आजोबा झाकण उघडून मोकळे! दर खेपेला तेच.

"आजोबा, तुम्ही असताना तिला बोलायची गरजच काय?"

सोबत आलेली सून खुदकन हसली. "घरीही असंच, बाई. तहान लागायच्या आधी पेला हजर."

"मग लेकराला रडवू का?"

"रडवू नका. हात मांडीखाली घाला."

आजोबा हातांवर बसले. नातीने मनगट ओढून पाहिलं, निघेना. ती रडकुंडीला आली, इकडे आजोबांनी हात मांडीखाली आणखी दाबले. बाई हळूच "उघड" म्हणाल्या आणि थांबल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग नातीने बाटली उचलली, बाईंच्या हातात दिली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "उघ."

बाईंनी लगेच झाकण उघडलं. सून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

पुढच्या खेपेला त्या खोलीत नव्या बाई होत्या. जुन्या बाईंची बदली झाली होती. पण नात 'उघ' म्हणाली त्या दिवशी हे कुणाला माहीत? त्या दिवशी निघताना आजोबा जुन्या बाईंपाशी दारात घुटमळले.

"आता बोलेल ना घडाघडा?"

"ते नाही सांगता येत, आजोबा. मागायला लागली, एवढं खरं."

"बरं. येतो मग."

"या. जिना आत्ताच पुसलाय, जपून उतरा."