दोन दारांची परीक्षा

वडिलांच्या जुन्या मोटारीवर रंगाचे इतके थर होते की खाली पत्रा आहे की नाही, याचाच मला संशय होता. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून डब्यात जे उरे, ते दरवर्षी मोटारीला लागे. शेवटी मी अट घातली. यंत्रानं वाळूचा फवारा मारून सगळा रंग उतरवायचा. पत्रा धड निघाला तर गाडी ठेवू, कुजका निघाला तर भंगारात. 

तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "रंग काढणारा म्या निवडणार. जुंपून पाहिल्याबिगर बैल घेतो का आपून?"

मग मोटारीची दोन्ही दारं खोलून काढली. डावं आखाडा बाळापूरला, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर वाळू मारणाऱ्याकडे. उजवं हिंगोलीला, काचेची बारीक पूड मारणाऱ्याकडे. दारं भाड्याच्या जीपच्या टपावर बांधून मी जिल्हाभर हिंडलो. "घर बांधून राहिले का?" लोक विचारत. मी व्हय म्हणत गेलो.

आठ दिवसांनी दारं आली. बाळापूरच्या दाराची चाळणी झालेली. वडील फोनवर तावातावानं भांडले. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "काका, भोकं पहिलेच होते. म्या फक्त आत भरलेली लांबी काढली." लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा. वडिलांनी फोन ठेवून चहा मागितला.

हिंगोलीचं दार मात्र गुळगुळीत, वर राखाडी प्राइमर. "हाच बरा," मी म्हणालो.

वडिलांनी दारावर टिचक्या मारल्या. एका जागी आवाज बदलला.

"ह्यानं लांबी तशीच ठिवून झाकली."

"तुमाला कसं कळलं?"

"म्याच भरली ना. वर्सानुवर्सं भरून राहिलो. तुला भोकं दिसली असती तर गाडी कवाच गेली असती."

मला राग आला आणि हसूही. गप्प बसले असते तर गाडी वाचली असती.

"ह्याचं अन् माझं काम सारकंच हाय," ते म्हणाले. "गाडी बाळापूरवाल्याला दे."

"अन् सगळी चाळणी निघाली तर?"

"तर तुझी अट हाय."

दुसऱ्या दिवशी बिनदारांची मोटार घेऊन आम्ही बाळापूरला निघालो. वाटेत एका वेल्डिंगवाल्याकडे थांबून मी नव्या पत्र्याची चौकशी केली. वडील गाडीत बसून ऐकत होते. अटीचा विषय दोघांनीही काढला नाही.