रविवारची आजी

माझ्या नातीला दोन आज्या आहेत, एक घरची आणि एक रविवारची. ही नावं तिनंच ठेवली आहेत आणि रविवारची मी आहे. तिनं पहिल्यांदा मला तशी हाक मारली तेव्हा विहीणबाई तोंडावर रुमाल धरून खोकल्या. तो खोकला नव्हता, न कळायला मी काय कुकुलं बाळ आहे?

माझ्या मुलाचा आणि सुनेचा काडीमोड झाला, तोही अगदी सामोपचारानं, एकमेकांना चहा विचारत. मुलगा नोकरी घेऊन बंगळूरला निघून गेला. आठवड्यातून कधीतरी व्हिडिओ कॉल करतो आणि बाप असल्याचं समाधान करून घेतो. त्याच्यावर माझा राग आहे तो वेगळाच. नात आईबरोबर कर्वेनगरला राहते, म्हणजे विहीणबाईंच्या घरी. मी कोथरूडला. तसं चालत जाण्याजोगं अंतर, पण कोर्टाच्या कागदात आजी नावाचं माणूसच नसतं. सुनेनं मनाचा मोठेपणा दाखवून मला रविवारची सकाळ दिली. भेट बाहेर मोकळ्यावर व्हायला हवी आणि बरोबर तिची आई हवी, अशा अटी घातल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी मी नातीला खांद्यावर टाकून पसार होईन, अशी तिला भीती असावी.

जागा नातीनं निवडली. तिला खडकवासल्याचं धरण हवं होतं. शाळेच्या सहलीत तिनं ते पाहिलं होतं आणि एवढं पाणी माणसांनी अडवून ठेवलंय हे तिला खरं वाटत नव्हतं. शिवाय तिचा नियम होता, दर रविवारी नवी वाट. धरणाच्या कडेनं वाटा काय कमी आहेत! भिंतीजवळ भजी, कणसं आणि सेल्फी काढणाऱ्यांची झुंबड असते, तिथून जरा पुढं गेलं की एक वाट माळावर चढते, एक शेताच्या बांधावरून जाते, एक सरळ पाण्याला टेकते. उन्हाळ्याकडे पाणी मागं सरकलं की काल नसलेल्या वाटा आज उघड्या पडतात. पोरगी पुढं पळायची, काठीनं चिखल उकरायची, शिंपले खिशात भरायची. मला त्या सकाळसाठी आठवडाभर जगावंसं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, विहीणबाईंना तर मुळीच नाही.

विहीणबाई स्वतःची गाडी चालवत यायच्या. मी बसनं. त्यांच्या घरापासून माझं घर काही फार आडवाटेला नाही, पण त्यांनी कधी येता का विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी बसले नसते. त्यांच्या डोक्यावर गोल टोपी, पायांत डोंगर चढायचे बूट, दोन्ही हातांत घडीच्या काठ्या. माणसं हिमालयात जाताना एवढं करत नाहीत. मी आपली पंजाबी ड्रेस आणि मुलाचे जुने बूट. दोघींकडे दोन डबे. मी थालीपीठ आणायची, त्या शिरा. नात एक घास याचा आणि एक घास त्याचा, असं मोजून मापून खायची आणि मधेच दोघींच्या तोंडाकडे बघायची. पोट भरलं तरी हा क्रम मोडायची नाही.

आमच्या वैराचं मूळ लग्नात आहे. मी मुलाची आई, म्हणजे वरमाय. मानाची पंगत माझी, पहिली ओटी माझी, वाटेत गालिचा माझ्यासाठी. ते सगळं मी मागितलं नव्हतं, पण दिलेलं परत कशाला करा? साडीचा रंग मला आवडला नाही, हे मी तोंडावर सांगितलं, एवढंच. विहीणबाईंनी ते मनात धरलं आणि आता पारडं फिरलंय. नात त्यांच्या घरात, रविवार त्यांच्या हातात. म्हणून अरुंद वाट आली की त्या बाजूला व्हायच्या आणि साखर पेरल्यासारखं म्हणायच्या, "आपण पुढं व्हा. आपण वरमाय." मीही कमी नाही. मी म्हणायची, छे छे, घरची आजी तुम्ही, तुमचा मान मोठा. मग दोघी तिथंच उभ्या. मागून सायकलवाले आले की त्यांनाही थांबावं लागायचं. एकदा एका जोडप्यानं आम्हाला रस्ता चुकलाय का, असं विचारलं. त्यांना दोघींनीही एकाच सुरात सुनावलं.

त्या रविवारी पाणी बरंच आटलं होतं. पोरगीनं वेड्या बाभळींमधून जाणारी एक नवी वाट शोधून काढली. एका वेळी एकच माणूस जाईल एवढीच, अंगाला काटे, आणि डाव्या हाताला उतार थेट पाण्यात. पोरगीनं विचारलं, माझा हात कोण धरणार? मी ते ऐकलं. विहीणबाईंनीही ऐकलं. त्यांनी मला पुढं व्हा म्हटलं, मी त्यांना. त्यांनी काठीनं वाट दाखवली. मी म्हटलं, काठ्या तुमच्याकडे, उतारावर तुम्हीच हव्यात. त्या म्हणाल्या, गुडघे दुखतात तर घरी बसावं माणसानं. मग काय, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साडीचा रंग निघाला, माझ्या मुलाचं घर सोडणं निघालं, त्यांच्या मुलीचा तोरा निघाला. मी म्हटलं की तुम्ही तिला नमतं घ्यायला शिकवलंच नाहीत. त्या म्हणाल्या की माझ्या मुलाला तर मी काहीच शिकवलं नाही.

मग मधेच शांत झालं आणि लक्षात आलं की पोरगी नाही. मला वाटलं होतं ती त्यांच्या बाजूला आहे. त्यांना वाटलं होतं माझ्या. खाली पाणी चमकत होतं, अगदी निर्विकार. आणि तरी आमच्या तोंडून पहिलं निघालं ते काय? त्या म्हणाल्या, आपण तिचा हात का धरला नाहीत. मी म्हटलं, सांभाळायला तुम्हाला पाठवलंय, मला नाही. त्या म्हणाल्या, हे माझ्या मुलीला कळलं तर तुमचे रविवार संपले समजा. मी म्हटलं, आणि तुमच्यावर तरी ती पोर सोपवेल का पुन्हा? एवढं सगळं बोलून झाल्यावर आम्ही तिचं नाव घेऊन ओरडलो.

त्यानंतर मात्र दोघी धावलो. माझी ओढणी काट्यात फाटली, त्यांची टोपी उडाली, एक काठी कुठं पडली त्यांना कळलं नाही. पाण्याच्या कडेला चिखलात लहान बुटांचे ठसे दिसले. मी तिथंच बसले असते, पण विहीणबाईंनी माझ्या दंडाला धरून ओढलं. प्रेमानं नाही, खसकन. ठसे वळून पुन्हा वर गेले होते.

वरच्या बाजूला एक मोठा कातळ आहे. पोरगी त्याच्या मागं सावलीत बसली होती, बूट काढून, शिंपले ओळीनं मांडून. तिथून आम्ही भांडत होतो ती जागा समोर दिसत होती. रडली नव्हती, घाबरली नव्हती. मी तिला उराशी धरलं, विहीणबाईंनी पाठीमागून धरलं, आणि ती मधे चेंगरली. हाका ऐकू आल्या नाहीत का, असं मी तिला दटावून विचारलं.

ती म्हणाली, "आल्या. पण तुम्ही आधी भांडलात. मग मला शोधलंत."

पोरगी गाडीत मागं बसल्यावर मी विहीणबाईंना हळूच विचारलं, घरी सांगणार का? त्या म्हणाल्या, काय सांगू, मीही तिथंच होते. आवाजात नेहमीचा फणकारा होता, पण मागचं दार नीट लागलंय का, ते त्यांनी दोनदा ओढून पाहिलं. मी बसच्या रांगेत उभी राहिले आणि फाटक्या ओढणीचं टोक चाळवत राहिले.

आठवडाभर मी फोनकडे कान लावून होते. सुनेचा फोन आला नाही. म्हणजे विहीणबाई गप्प राहिल्या होत्या, आणि त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर निघाले, थालीपिठात पोरगीला आवडतो तसा कांदा बारीक चिरून घातला.

गाडी आली. विहीणबाई उतरल्या. मागचं दार उघडलंच नाही.

"ती येत नाही म्हणते," त्या म्हणाल्या. "म्हणाली, तुम्ही दोघीच जा."

हे फोनवर सांगता आलं असतं. पण त्या आल्या होत्या, शिऱ्याचा डबा घेऊन. परत फिरावं तर बसला वेळ होता, आणि त्यांच्या गाडीतून जाण्यापेक्षा चाललेलं बरं. म्हणून आम्ही निघालो. कातळापर्यंत पोचेपर्यंत तिला तुम्हीच पढवलंत, असं माझं त्यांना म्हणून झालं होतं आणि माझ्या जिभेला हाड नाही, असं त्यांचं मला म्हणून झालं होतं. कातळामागं शिंपले तसेच ओळीनं होते.

विहीणबाईंनी घरी फोन लावला. सुनेनं तो पोरगीकडे दिला. आवाज मोठा करून त्यांनी फोन आमच्या दोघींच्या मधे धरला. मी विचारलं, पुढच्या रविवारी येशील ना गं? उत्तर द्यायच्या आधी पोरगीनंच विचारलं, भांडलात का?

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो. लग्नापासूनचं आमचं पहिलं एकमत.



"खोटं," ती म्हणाली आणि फोन तिच्या आईकडे देऊन टाकला.

विहीणबाईंनी काहीतरी सांगून फोन बंद केला. डबे आम्ही उघडले नाहीत. परतताना ती अरुंद वाट पुन्हा आली, आणि या वेळी कुणी कुणाला पुढं व्हा म्हटलं नाही.